दामदुप्पट: मर्यादेचा शब्द आमिषाचा कसा झाला

‘दामदुप्पट’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो त्याच्या मूळ अर्थाच्या नेमका उलटा आहे. आज दामदुप्पट योजना म्हटले की थोड्या महिन्यांत पैसे दुप्पट करून देण्याचे आश्वासन, मग एके दिवशी कुलूप लागलेले कार्यालय आणि पोलीस ठाण्यासमोर कागद घेऊन उभे असलेले ठेवीदार डोळ्यांसमोर येतात. परंतु हिंदू विधीच्या परंपरेत, आणि पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत, दामदुप्पट हे एका मर्यादेचे नाव होते. कर्ज कितीही वर्षांपूर्वी दिलेले असो, सावकाराने एका वेळी मागायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, म्हणजेच ऋणकोकडून मागायची एकूण रक्कम मुद्दलाच्या दुपटीपाशी थांबावी, असा तो नियम होता. वाढीला घातलेल्या बांधाचे नाव वाढीच्या आमिषाला मिळाले, याकडे भाषेतला एक गमतीदार अपघात म्हणून पाहता येईल. मला मात्र त्यात एका हरवलेल्या समजुतीची खूण दिसते. स्वतःच्याच आधारावर वाढणारी रक्कम सरळ रेषेत वाढणाऱ्या रकमेपेक्षा वेगळ्या जातीची असते आणि तिला वेगळ्या जातीचा लगाम लागतो, हे त्या जुन्या नियमाला ठाऊक होते. आपल्या आजच्या सार्वजनिक व्यवहारात, विशेषतः कर्जाच्या कागदांवर, ही समजूत पुन्हा आणली पाहिजे, आणि ती आणण्याचा एक साधा उपाय उपलब्ध आहे, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी ‘घातांकी वाढ’ या शब्दाची साफसफाई करावी लागेल. वर्तमानपत्रांत, कंपन्यांच्या अहवालांत आणि व्यासपीठांवरून हा शब्द ‘फार झपाट्याने’ या अर्थाने सर्रास वापरला जातो. गणितात त्याचा वेगाशी असा थेट संबंध नाही. एखाद्या राशीच्या वाढीचा वेग त्या क्षणी असलेल्या राशीच्या प्रमाणात असेल, तर ती वाढ घातांकी होय. मग ती वर्षाला एक टक्का असो की तासाला पन्नास टक्के. पावसाळ्यात कोयनेच्या जलाशयात एकेका दिवसात अनेक टीएमसी पाणी येते. ती वाढ प्रचंड आहे, पण घातांकी नाही, कारण उद्या किती पाणी येणार हे महाबळेश्वर-नवजाच्या पावसावर ठरते, जलाशयात आज किती पाणी साठले आहे यावर नव्हे. याउलट पवना-इंद्रायणीच्या पात्रात पसरणारी जलपर्णी सुरुवातीला कोणाच्या नजरेतही भरत नाही; परंतु तिची नवी रोपे आधीच्या रोपांपासून फुटतात, म्हणून जितकी अधिक रोपे तितकी नवी फूट अधिक. जोवर मोकळे पाणी आणि सांडपाण्यातून मिळणारे खाद्य आहे, तोवर ती वाढ घातांकी असते, आणि पहिल्या महिन्यात ती संथ वाटते म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही.

नुसता आकडा मोठा होत जाणे आणि घातांकी वाढणे यांतला फरक किती खोल आहे, हे एका तुलनेने स्पष्ट व्हावे. एखाद्या संख्येचा शंभरावा घात घ्या आणि त्याच्या शेजारी दोनचा त्या संख्येइतका घात ठेवा. संख्या १०० असताना पहिल्या राशीत २०१ अंक असतात आणि दुसरीत जेमतेम ३१. कोणीही पहिलीवर पैज लावील. संख्या १००० झाली की पहिलीत ३०१ अंक असतात आणि दुसरीत ३०२. त्यानंतर पहिली राशी दुसरीला कधीच गाठू शकत नाही. शंभरावा घातदेखील ज्या वाढीपुढे अखेरीस मागे पडतो, ती वाढ ‘झपाट्याने’ या एका क्रियाविशेषणात मावत नाही.

घातांकी वाढीची व्यवहारात उपयोगी पडणारी ओळख एकच आहे: तिला दुप्पट व्हायला लागणारा काळ बदलत नाही. एकाचे दोन व्हायला जितके महिने लागतात, तितकेच एक लाखाचे दोन लाख व्हायला लागतात. हा काळ काढण्याचा अदमास लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात सापडतो, आणि आजही तो कोणालाही तोंडी करता येतो. ७२ या संख्येला शेकडा दराने भागावे. दर वार्षिक असेल तर उत्तर वर्षांत येते, मासिक असेल तर महिन्यांत. दोनच्या नैसर्गिक लॉगरिथमची किंमत ०.६९३ असते, तिच्यापासून हा नियम निघतो. ६९ ऐवजी ७२ घ्यायचे ते थोडे दुरुस्तीसाठी आणि थोडे भागाकार सोपा जावा म्हणून. वर्षाला एक टक्का दराने वाढणारी गोष्ट दुप्पट व्हायला सुमारे सत्तर वर्षे घेते. ही एका माणसाच्या आयुष्याएवढी संथ वाढही गणिताच्या दृष्टीने तितकीच घातांकी आहे.

जलपर्णीकडे क्षणभर परत जातो, कारण सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीने तिच्यात एक धडा आहे. उष्ण, सांडपाणीयुक्त पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते असे धरू. पात्राचा चौसष्टावा भाग, म्हणजे दीड टक्का, व्यापलेला असताना पुलावरून पाहणाऱ्याला नदी स्वच्छच दिसते. परंतु तिथून पूर्ण पात्र भरायला सहाच दुपटी उरलेल्या असतात, म्हणजे बारा आठवडे. तक्रारी सुरू होतात तेव्हा पात्र निम्मे भरलेले असते आणि निविदेची मुदत संपण्याआधी उरलेले निम्मे भरते. त्याहून महत्त्वाचे असे की, यंत्रे लावून अठ्ठ्याण्णव टक्के जलपर्णी काढली आणि उरलेली काठाकाठाने राहू दिली, तर त्या खर्चाने आपण नदी विकत घेतलेली नसते, अकरा-बारा आठवडे तेवढे घेतलेले असतात. ‘९८ टक्के काम पूर्ण’ हे वाक्य रस्त्याच्या बाबतीत समाधानकारक आहे. जलपर्णीच्या बाबतीत ते जवळजवळ निरर्थक आहे, आणि तरीही दोन्ही कामांचे अहवाल एकाच नमुन्यात लिहिले जातात.

आता कर्जाकडे येतो. सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांच्यातला भेद आपण शाळेत दोन सूत्रे म्हणून शिकतो, एकापुढे एक उदाहरणे सोडवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्या दोन सूत्रांच्या मधल्या रेषेवर महाराष्ट्रात एकदा आगी लागल्या होत्या, हे त्या धड्यात कुठेच येत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. त्यांनी कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या मागून घेतल्या आणि जाळल्या. लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यात पसरले. या उठावाची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सरकारी साऱ्याची फेरआकारणी जबर झाली, आणि तेजीच्या काळात सढळ हाताने कर्ज देणाऱ्या सावकारांनी हात आखडता घेतला. पण शेतकऱ्यांनी पेटवले ते कागद, आणि ते कागद कसे बनत होते हे पाहण्यासारखे आहे.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्याची वैधता तीन वर्षांपुरतीच राहील, म्हणजे व्याज वर्षानुवर्षे साचत राहणार नाही, असा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात सावकार तीन वर्षे संपत आली की नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल आणि न फिटलेले व्याज यांची बेरीज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून नोंदवली जाई आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू होई. व्याज साचू नये म्हणून आखलेली मुदत व्याज मुद्दलात मुरण्याची मुदत होऊन बसली. गणिताच्या भाषेत सांगायचे तर कायद्याने सरळ रेषेला कात्री लावायला जाऊन घातांकी वक्राला कालखंड नेमून दिला.

आकडे मांडून पाहू. हे उदाहरण माझे आहे, कोणत्याही एका खात्याचे नाही. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन, बारा वर्षे काही फेडले नाही. सरळ व्याजाने बारा वर्षांनी देणे होते ३८८ रुपये. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहिला, तर शंभराचे १७२, मग २९६, मग ५०९ आणि शेवटी ८७५ रुपये होतात. दामदुप्पट लावली तर देणे २०० रुपयांवर थांबते, आणि तेही पन्नासाव्या महिन्यातच. एकाच दराच्या, एकाच मुदतीच्या, एकाच कर्जाची ही तीन उत्तरे आहेत, आणि कोणते उत्तर खरे हे गणित ठरवत नाही, कायदा ठरवतो. म्हणून ‘हा तर निव्वळ हिशेब आहे’ असे कोणी म्हटले की मी सावध होतो.

दामदुप्पट असतानाही हे कसे घडले, असा प्रश्न चिकित्सक वाचकाला पडेल. उत्तर असे की त्या नियमात एक फट होती. उभयपक्षी नवा करार झाला आणि साचलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मान्य केले, तर मर्यादेचे मोजमाप त्या नव्या मुद्दलापासून सुरू होई. निरक्षर शेतकऱ्याचा अंगठा म्हणजे मान्यताच. १८७९ च्या डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्टने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत ही फट बुजवली. न्यायालयाने रोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडावा, आणि मधल्या कोणत्याही हिशेबात मुद्दलात मिसळलेले व्याज पुन्हा मुद्दल म्हणून सामान्यतः धरू नये, असे त्याने सांगितले. माझ्या मते त्या कायद्यातली ही सर्वात समंजस तरतूद होती. दर किती असावा यावर तिने भर दिला नाही. ज्या सांध्यामुळे सरळ वाढ घातांकी बनते, तो सांधाच तिने तोडला.

जुन्या नियमाचे गुणगान करताना एक गोष्ट लपवू नये. मुद्दलाच्या दुपटीची मर्यादा सांगणारा आणि चक्रवाढीला नकार देणारा मनुस्मृतीचा आठवा अध्याय त्याच ओघात व्याजाचे दर वर्णानुसार ठरवून देतो: दरमहा शेकडा दोन, तीन, चार आणि पाच, आणि सर्वांत चढा दर सर्वांत खालच्या मानलेल्या वर्णाला. पाच टक्क्यांनी मुद्दलाची दुप्पट वीस महिन्यांत होते, दोन टक्क्यांनी पन्नास महिन्यांत. मर्यादा सर्वांना सारखी दिसते, पण तिच्यापर्यंत पोचण्याचा वेग जातीने ठरतो. ज्या ग्रंथाचे दहन १९२७ साली महाडला झाले, त्याच्याकडून न्यायाचा आदर्श घेण्याचे कारण नाही. त्यातली गणिती जाणीव मात्र वेगळी काढून घेता येते, आणि न्यायालयांनी व पुढच्या कायद्यांनी तेच केले. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात मुद्दलापेक्षा जास्त थकीत व्याजाचा हुकूमनामा देण्यास न्यायालयांना मनाई होती, आणि ती सर्व धर्मांच्या ऋणकोंसाठी होती.

बँका मात्र सावकारी कायद्यांच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१-अ असे सांगते की बँकेने लावलेले व्याज अवाजवी आहे या कारणावरून न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये. ग्राहक आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती; सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला आणि व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेचा असल्याचे स्पष्ट केले. अधिकारक्षेत्र म्हणून हे म्हणणे समजू शकते. पण मग प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या दारात येतो, आणि तिथे चित्र जितके वाटते तितके निराशाजनक नाही.

रिझर्व्ह बँकेने गेल्या काही वर्षांत हाच सांधा ठिकठिकाणी तोडला आहे, फक्त त्याला एक नाव दिलेले नाही. अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जावर आकारलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, ही तिची जुनी सूचना आहे. ही शब्दशः दामदुप्पटच होय. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत न भरलेले शुल्क आणि कर व्याजासाठी मुद्दलात मिळवू नयेत, आणि किमान देय रक्कम अशी ठरवावी की ती भरल्यावर देणे वाढत जाणार नाही, असे म्हटले आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज ही गोष्टच मोडीत काढली. हप्ता चुकल्यास शुल्क लावता येते, परंतु त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हे सगळे निर्णय एकाच तत्त्वाचे तुकडे आहेत. सामान्य ऋणकोपर्यंत ते तत्त्व पोचत नाही, कारण त्याच्या हातात जो आकडा दिला जातो, तो घातांकी वाढीची भाषा बोलत नाही.

तो आकडा म्हणजे शेकडा दर. कार्डाच्या माहितीपत्रकात ‘दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वार्षिक ४२ टक्के’ असे छापलेले असते, आणि बाराने गुणून काढलेला तो ४२ सरळ रेषेचा आकडा आहे. थकबाकीत मिसळलेले व्याजही व्याज कमावू लागले, तर साडेतीन टक्क्यांचे वर्षाला ५१ टक्के होतात आणि मूळ रक्कम वीस महिन्यांत दुप्पट होते. गावाकडे तर ‘तीन टक्क्यांनी घेतले’ असे म्हणतात तेव्हा ते दरमहा असते हे गृहीतच धरलेले असते, आणि ऐकणारा मुलगा बँकेच्या नऊ टक्क्यांशी त्याची तुलना करून सावकार स्वस्त आहे असे मनात धरतो. ही अतिशयोक्ती नव्हे. शेकडा दराबरोबर काळाचे एकक न बोलण्याची आपली सवय इतकी जुनी आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसाठी ऋणकोला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबी सांगणारे पत्रक, देणे बंधनकारक आहे, आणि त्यात सर्व शुल्के धरून काढलेला वार्षिक दर द्यावा लागतो. हे पाऊल चांगले आहे. माझी सूचना एवढीच की त्या कागदावर, आणि कार्डाच्या मासिक हिशेबावरही, एक ओळ वाढवावी: काहीही न भरल्यास हे देणे किती महिन्यांत दुप्पट होईल. त्याबरोबरच विनातारण छोट्या कर्जांना, मग ते बँकेचे असो, वित्तसंस्थेचे असो की मोबाईलवरच्या अ‍ॅपचे, थकीत व्याजाची दामदुप्पट मर्यादा लागू करावी, जशी ती अल्पभूधारकांच्या पीककर्जाला आहे.

दुपटीचा काळ ही काही नवी कल्पना नाही. सरकार स्वतः ती वापरते, फक्त पैसे घेताना वापरते. १९८८ साली आलेल्या किसान विकास पत्राची सारी ओळखच ‘साडेपाच वर्षांत दुप्पट’ या शब्दांनी झाली होती. आज त्याचा दर साडेसात टक्के आहे आणि मुदत ११५ महिने. ७२ ला साडेसातने भागा, ९.६ वर्षे येतात, म्हणजे ११५ महिने. टपाल कार्यालयात आलेल्या शेतमजूर बाईला दर समजत नसेल, पण किती वर्षांत दुप्पट हे चोख समजते, हे सरकारने ओळखले होते. ठेवीच्या खिडकीवर जी भाषा सोयीची ठरते, ती कर्जाच्या खिडकीवर का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

या सूचनेवर पहिला आक्षेप असा येईल की काहीच न भरता कोणी बसत नाही, त्यामुळे ही ओळ काल्पनिक परिस्थिती सांगते. किसान विकास पत्रही अनेकजण मुदतीआधी मोडतात. म्हणून त्यावरची मुदत काल्पनिक ठरत नाही. शिवाय जे थोडे थोडे भरतात त्यांच्यासाठीही हेच गणित उलट दिशेने चालते. कार्डावर साडेतीन टक्के व्याज चढते आणि ऋणको दरमहा केवळ पाच टक्के किमान रक्कम भरतो, असे धरा. नवी खरेदी एका रुपयाचीही नाही. दरमहा देणे साधारण एक पूर्णांक सात दशांश टक्क्यांनीच घटते, आणि ते निम्मे व्हायला सुमारे ४१ महिने लागतात. साडेतीन वर्षे इमाने-इतबारे भरून निम्मे देणे शिल्लक! निमपटीचा हा काळही छापला, तर किमान रकमेच्या रकान्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मर्यादा आणि असे धाक घालणारे आकडे यांमुळे बँका छोटी कर्जे देणे टाळतील आणि माणूस खासगी सावकाराकडे ढकलला जाईल, असे म्हटले जाईल. १८७९ च्या कायद्यानंतरही सावकारांनी हात आखडल्याची आणि कर्जाऐवजी जमिनीचे खरेदीखत लिहून घेण्याची तक्रार झाली होती, त्यामुळे ही भीती मी झटकून टाकणार नाही. परंतु दुपटीचा काळ ही तुलना करण्याची वस्तू आहे, आणि तुलनेत संस्थात्मक कर्ज जिंकते. दरमहा पाच टक्क्यांचे सावकारी कर्ज चक्रवाढीने चौदा महिन्यांत दुप्पट होते. सात टक्के दराच्या पीककर्जाला त्यासाठी दहा वर्षे लागतात, आणि वेळेवर फेडणाऱ्याला सवलतीने तो दर चार टक्के पडतो तेव्हा साडेसतरा वर्षांहून अधिक. ‘चौदा महिने की दहा वर्षे’ हा प्रश्न ‘पाच टक्के की सात टक्के’ या प्रश्नापेक्षा प्रामाणिक आहे.

गृहकर्जाचे काय, असे विचारले जाते. नऊ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या कर्जात एकूण भरलेले व्याज मुद्दलाहून जास्त होतेच. मग दामदुप्पट मोडली का? नाही. जुना नियम एका वेळी थकलेल्या व्याजाबद्दल आहे, आयुष्यभरात भरलेल्या व्याजाबद्दल नाही. दरमहा व्याज फिटत असेल तर ते मुद्दलात मुरत नाही, वाढीचे चक्र सुरूच होत नाही, आणि मर्यादेला स्पर्शही होत नाही. नियम करणाऱ्यांनी हा भेद अचूक ओळखला होता.

मात्र दुपटीचा काळ हे हत्यार सगळीकडे चालवू नये, हेही सांगितले पाहिजे. २०२० मध्ये मुंबईत रोज ‘रुग्णदुपटीचा कालावधी’ जाहीर होत होता आणि तो लांबला की दिलासा व्यक्त होत होता. साथीच्या पहिल्या आठवड्यांत, प्रत्येक रुग्ण नवे रुग्ण निर्माण करत असताना, तो आकडा अर्थपूर्ण होता. पण तो एकूण नोंदलेल्या रुग्णसंख्येवरून काढला जाई, आणि एकूण संख्या कधी कमी होत नसते. समजा एकूण रुग्ण पन्नास हजार आहेत आणि रोज एक हजार नवे सापडतात. दुपटीला पन्नास दिवस. पन्नास दिवसांनी एकूण एक लाख, रोजचे नवे रुग्ण तितकेच, एक हजार. आता दुपटीला शंभर दिवस. रुग्णालयावरचा रोजचा भार तसूभर हललेला नाही, आणि बातमीतला आकडा मात्र दुपटीने सुधारला.

लोकसंख्येबाबत याच चुकीचे दुसरे टोक दिसते. १९६१ ते १९७१ या दशकात भारताची लोकसंख्या २४.८ टक्क्यांनी वाढली. २००१ ते २०११ मध्ये १७.७ टक्क्यांनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत एकूण जननदर देशात २.० आणि महाराष्ट्रात १.७ आला, म्हणजे एक पिढी स्वतःची जागा भरून काढण्याइतकीही मुले जन्माला घालत नाही. तरुणांची संख्या मोठी असल्यामुळे एकूण आकडा अजून काही काळ चढेल, पण घातांकी वाढीला लागणारा स्थिर वृद्धिदर कधीच मोडला आहे. तरीही ‘लोकसंख्येचा विस्फोट’ हा शब्दप्रयोग आणि त्यावर बेतलेली कायद्यांची मागणी जशीच्या तशी चालू आहे. जिथे घातांक आहे तिथे आपण सरळ रेषा पाहतो आणि जिथे तो संपला तिथे तो पाहत राहतो, ही सवय एकाच अज्ञानाच्या दोन बाजू आहेत.

आमिषाच्या दामदुप्पट योजनांनाही हीच कसोटी लावता येते, आणि त्यासाठी कायद्याची पुस्तके लागत नाहीत. महिन्याला दहा टक्के परतावा पुन्हा गुंतवत गेले, तर एक लाखाचे वर्षाने ३ लाख १४ हजार, पाच वर्षांनी तीन कोटींहून अधिक आणि दहा वर्षांनी ९०० कोटींहून अधिक होतात. प्रत्येकाने सहा सभासद आणावेत अशी साखळी असेल, तर अकराव्या पायरीला महाराष्ट्राची आणि बाराव्या पायरीला भारताची लोकसंख्या पुरत नाही. अशा साखळ्यांना १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तरीही दर दोन-चार वर्षांनी एखाद्या जिल्ह्यात नवे कार्यालय उघडते. चौकशीत गुंतवणूकदारांना विचारले जाते की तुम्हाला मोह कसा पडला. बाराव्या पायरीचा गुणाकार त्यांना शाळेत कोणी करायला लावला होता का, असेही विचारायला हवे होते.

दहावीपर्यंतच्या गणितात चक्रवाढ व्याजही आहे आणि भूमितीय वाढीची बीजेही आहेत. तिथे सूत्रात किंमती भरून उत्तर काढण्याऐवजी सुप्याच्या शंभर रुपयांची ती तीन उत्तरे, ३८८, ८७५ आणि २००, मुलांना स्वतः काढू द्यावीत, आणि मग प्रत्येकाने घरात असलेले एक कर्जाचे किंवा ठेवीचे कागदपत्र आणून त्यावरचा दुपटीचा काळ काढावा. ७२ चा भागाकार सातवीच्या मुलालाही येतो. ज्या घरात कार्डाचा हिशेब येतो, तिथे तो वीस महिने निघेल. ज्या घरात किसान विकास पत्र आहे, तिथे एकशे पंधरा. आणि ज्या घरात उत्तर सात महिने येईल, त्या घरातल्या मुलाने आणलेला कागद बहुधा छापील नसेल, वहीतून फाडलेला असेल.